चावी हातात होती, गाडी चालवता येत नव्हती

जुलै २०२४ च्या शेवटच्या आठवड्यातील ती रात्र. पावसाने संध्याकाळपासूनच धरले होते. दीडच्या सुमारास सासूबाईंना धाप लागली. त्यांचा दमा जुना आहे, घरात पंप असतो. पण त्या रात्री पंपाने भागेना. ओठ निळे पडू लागले. रुग्णवाहिकेला फोन लावला, तर ती दुसऱ्या रुग्णाला घेऊन निघालेली. चौकातल्या दोन ऑटोवाल्यांना माझ्या पतीने हात जोडले. वस्तीचे नाव ऐकताच एकाने पेट्रोल नाही म्हणून सांगितले आणि दुसऱ्याने काहीच न सांगता तोंडावर पांघरूण ओढले.

आणि विहाराच्या आवारात, बोधिवृक्षाच्या कठड्याला लागून आमच्या वस्तीची स्वतःची व्हॅन उभी होती! महिला मंडळाने आणि विहार समितीने मिळून दोन वर्षे पैसे साठवले, पंचवीस-तीस घरांनी दरमहा शंभर-शंभर रुपये दिले, तेव्हा कुठे ही जुनी मारुती ईको घेता आली. घेतली तीच मुळी अडीअडचणीला, दवाखान्याला म्हणून. मी बी.कॉम. झालेली, सरकारी कचेरीत कारकून, म्हणून मंडळाचे हिशेब माझ्याकडे आणि हिशेबाबरोबर गाडीची चावीही माझ्याकडेच. गाडी चालवणारा मुलगा मात्र एकच. तो त्या दिवशी मावशीच्या पुण्यानुमोदनासाठी गावी गेला होता.

मी छत्री न घेता व्हॅनपाशी जाऊन उभी राहिले. चावी मुठीत. दार उघडले, चालकाच्या जागेवर बसले सुद्धा. समोर चाक, खाली तीन पायपट्ट्या, डाव्या हाताला दांडा. यातले कशाने काय होते हे मला ठाऊक नव्हते. चाळीस मिनिटांनी पलीकडच्या मोहल्ल्यातला एक मुस्लिम बांधव आपला ऑटो घेऊन आला आणि सासूबाई वाचल्या. त्या चाळीस मिनिटांचा जाब कोणाला विचारायचा? ऑटोवाल्यांना विचारता येईल, विचारायलाही हवा. पण माझ्या मुठीतल्या चावीचा जाब मलाच द्यायचा होता.

दवाखान्यातून चौथ्या दिवशी सासूबाई घरी आल्या. मी जेवताना विषय काढला, मी गाडी शिकते. पती म्हणाले, "अगं, पंचेचाळिशीला आलीस. आता या वयात?" मुलगा हसला. त्याला वाटले आई गंमत करते आहे. सासूबाई तेवढ्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "शीक बाई. मले दुसऱ्यांदा पावसात थांबवू नको."

तेव्हा वर्षावास सुरू होता. आमच्या विहारात आषाढ पौर्णिमेपासून रोज सायंकाळी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथाचे वाचन असते. रविवारी थोडे अवांतर वाचतो. त्या रविवारी बाबासाहेबांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींची पाळी होती. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० साली त्याची पुस्तिका काढली. आपल्यापैकी अनेकांनी ती वाचली असेल. वाचनाची पाळी माझी होती. मी पूर्वीही ते वाचले होते, पण त्या रविवारी ते वेगळेच वाचले गेले.

त्यात दोन प्रसंग आहेत. पहिला १९०१ सालचा. वडील कोरेगावी नोकरीला, मुले साताऱ्याला. उन्हाळ्यात वडिलांना भेटायला म्हणून लहान भीमराव, थोरले बंधू आणि बहिणीची मुले आगगाडीने मसूर स्टेशनावर उतरली. जात कळताच एकही गाडीवान त्यांना न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे ठरले आणि अट अशी की, बैलगाडी मुलांनी स्वतः हाकायची आणि गाडीवान बाजूने पायी चालणार.

दुसरा प्रसंग चाळीसगावचा, १९२९ सालचा. मुंबई सरकारने अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करायला नेमलेल्या समितीचे बाबासाहेब सदस्य होते. धुळ्याकडील काम आटोपून ते चाळीसगाव स्टेशनावर उतरले. तेथील आपल्या लोकांनी एका रात्रीच्या मुक्कामाचा आग्रह केला होता. लोकांनी टांगा आणला. टांगा दोनशे पावलेही गेला नसेल, तोच एका मोटारीशी टक्कर होता होता राहिली. पोलीस ओरडला म्हणून निभावले. बाबासाहेबांना नवल वाटले की, रोज भाडे मारणारा टांगेवाला इतका अडाणी कसा? पुढे नदीवरच्या मोरीला कठडा नव्हता, अंतराअंतराने दगड तेवढे रोवलेले. चाक दगडावर आदळले. बाबासाहेब उडून मोरीच्या फरशीवर पडले, घोडा आणि टांगा खाली नदीत गेला. बाबासाहेबांच्या पायाचे हाड मोडले.

खरी हकीकत त्यांना नंतर कळली. चाळीसगावच्या टांगेवाल्यांनी महारांना घेऊन टांगा हाकायला नकार दिला होता. टांगा भाड्याने देतो, पण हाकणार नाही, असे एकाचे म्हणणे पडले. आपला पाहुणा पायी कसा न्यायचा म्हणून आपल्यातलाच एक माणूस लगाम घेऊन बसला. त्याने पूर्वी कधी टांगा हाकलेला नव्हता. बाबासाहेबांनी त्या माणसावर राग धरलेला नाही. परंतु पाहुण्याच्या मानापेक्षा त्याची सुरक्षितता मोठी, हे आपली माणसे विसरली, अशी नोंद मात्र त्यांनी स्पष्ट केलेली आहे.

या प्रसंगावर आपण भाषणे करतो, ती टांगेवाल्यांच्या जातीय अहंकारावर करतो, आणि ते योग्यच आहे. पण लगाम हाती घेणाऱ्या आपल्या माणसाबद्दल आपण कधी बोलतो का? त्याच्याजवळ धैर्य होते, माया होती, शिक्षण नव्हते. वाचन संपल्यावर कोपऱ्यात बसलेले एस.टी.वाले काका एवढेच म्हणाले, "घोड्याचा दोष नव्हता त्यात."

या काकांविषयी सांगितले पाहिजे. एस.टी. महामंडळात चालक म्हणून त्यांनी आयुष्य काढले आणि निवृत्त झाले. सुरुवातीच्या काळात मुक्कामी गाडी घेऊन खेड्यात गेले की, पाणी द्यायच्या आधी लोक आडनाव विचारीत. काका आडनाव सांगत आणि गाडीतच झोपत. पहाटे तीच माणसे त्यांच्या गाडीत बसून तालुक्याला जात. काकांचे डोळे आता अधू झाले आहेत, रात्री ते चालवत नाहीत. नाहीतर त्या रात्री प्रश्नच नव्हता.

मोठेपणी गाडी शिकायची म्हणजे आधी कागद. शिकाऊ लायसन्सशिवाय चाकाला हात लावणे बेकायदा आहे. चाळिशी उलटली असेल तर नमुना १-अ मध्ये डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते. चाळिशीच्या आतल्यांना खाजगी वाहनासाठी स्वतःचे घोषणापत्र पुरते. २०२१ पासून महाराष्ट्रात शिकाऊ लायसन्सची परीक्षा आधार क्रमांकाच्या आधारे घरबसल्या संगणकावर देता येते. साठ टक्के उत्तरे बरोबर आली की उत्तीर्ण. परीक्षा सोपी आहे, म्हणून लोक अभ्यास करीत नाहीत, दुसऱ्याला बटणे दाबायला बसवतात. माझ्या मुलानेही "आई, मी देतो तुझी" म्हणून हात पुढे केला. मी पुस्तक घेऊन चार रात्री बसले.

आणि बसले याचे समाधान आहे. लाल कडेचे गोल चिन्ह म्हणजे हुकूम, त्रिकोण म्हणजे सावधगिरी, निळा चौकोन म्हणजे माहिती, हे मला तोपर्यंत माहीत नव्हते. उलटा त्रिकोण दिसला की समोरच्याला आधी जाऊ द्यायचे. आमच्या गावात हे किती चालकांना माहीत असेल? त्याहून महत्त्वाचे म्हणजे अपघात झाला तर चालकाने जखमीला जवळच्या दवाखान्यात पोहोचवणे आणि पोलिसांना खबर देणे हे कायद्याने त्याचे कर्तव्य आहे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आले. जखमीला मदत करणाऱ्या त्रयस्थ माणसाला त्याने संरक्षण दिले आहे. आपल्या वस्तीतली माणसे रस्त्यावर पडलेल्याला उचलायला घाबरतात, कारण पोलीस नसते लचांड मागे लावतील ही भीती. ही भीती मनातून काढली पाहिजे.

१२ ऑगस्ट २०२४ रोजी माझे शिकाऊ लायसन्स निघाले. त्याची मुदत सहा महिने. तीस दिवस झाले की पक्क्या लायसन्सची चाचणी देता येते.

मग एका मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये नाव घातले. नाव सांगत नाही, कारण सगळीकडे थोड्याफार फरकाने हेच चालते. नियमाप्रमाणे हलक्या मोटारीचा अभ्यासक्रम किमान एकवीस दिवसांचा आणि त्यात प्रत्यक्ष चालवणे किमान दहा तास असायला हवे. आमच्या गाडीत चार विद्यार्थी. एक चालवतो, तिघे मागे बसून घाम पुसतात. माझ्या वाट्याला रोज पंधरा मिनिटे. एकवीस दिवस गुणिले पंधरा मिनिटे म्हणजे सव्वापाच तास. कारकुनाला हिशेब दिसल्याशिवाय राहत नाही. मी मालकाला विचारले. तो म्हणाला, "मॅडम, मागे बसून पाहणं हे पण शिक्षणच आहे."

पहिल्या दिवशी साडी नेसून गेले ती चूक. निऱ्या पायपट्टीत अडकल्या. दुसऱ्या दिवसापासून पंजाबी ड्रेस आणि सपाट चप्पल. माझी उंची कमी, म्हणून पाठीमागे घरची उशी. भगिनींनो, यात लाज वाटण्यासारखे काही नाही. पाय क्लचवर पूर्ण दाबला जात नसेल तर गियर खरडतो आणि शिकवणारा आपल्याला मूर्ख म्हणतो. उशी ठेवली की तोच गियर लोण्यासारखा पडतो.

दहा दिवसांत मी भर बाजारातून गाडी नेऊ लागले. मनात मोठा अभिमान. बाराव्या दिवशी सहज खाली पाहिले तर शिकवणाऱ्याच्या पायाखालीही क्लच आणि ब्रेक! शिकवण्याच्या गाडीत ते असतातच, धोका टाळण्यासाठी ते हवेतही. पण तो गडी अर्धे काम स्वतःच करीत होता. मी चाक धरून बसले होते इतकेच. गाडी तोच चालवत होता. एकविसाव्या दिवशी मी वस्तीच्या व्हॅनमध्ये बसले. शेजारी काका, आणि त्यांच्या पायाखाली काहीच नाही. गाडी सुरू होऊन तीन हिसके खाऊन बंद पडली. पुन्हा सुरू, पुन्हा बंद. चौकात बंद पडली तेव्हा मागून एक मोटारसायकलवाला ओरडून गेला, "बाई, घरी जाऊन पोळ्या लाटा!" काका शांतपणे म्हणाले, "त्याले जाऊ दे. तू न्यूट्रल कर."

काकांच्या शिकवण्याची तऱ्हाच निराळी. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला चालवायलाच दिले नाही. मागच्या बाकावर आडवे व्हायला सांगितले. "तू आता पेशंट हाय," म्हणाले. आणि गाडी वस्तीतून दवाखान्याच्या रस्त्याने नेली. आधी आजकालची पोरे चालवतात तशी नेली. गतिरोधकावर माझे डोके दाराला आपटले, वळणावर मी बाकावरून घसरले, ब्रेक लागला तसे पोटातले पाणी हलले. परत येताना त्यांनी त्यांच्या पद्धतीने आणली. त्याच रस्त्यावर, त्याच गाडीत मला डोळा लागेल असे वाटले. खाली उतरल्यावर म्हणाले, "समजलं? गाडी समोरच्या काचेतून नाही चालवायची. मागच्या माणसाच्या पोटातून चालवायची." पुढे कित्येक दिवस बाकावर स्टीलचा पेला पाण्याने काठोकाठ भरलेला असे. घरी येताना पेल्यात किती पाणी उरले ते काका पाहत. पहिल्या दिवशी पेलाच खाली पडलेला होता.

अडत होते ते एकाच ठिकाणी, चढावावर. सपाटीवर मी आता बरी चालवीत होते, आठचा आकडा काढता येत होता, मागे घेणेही जमत होते. पण चढावर थांबून पुन्हा निघायचे म्हटले की गाडी मागे येई आणि माझा जीव जाई. ब्रेकवरून पाय काढून अॅक्सिलरेटरवर ठेवेपर्यंत गाडी हातभर मागे. मागे कोणी असला तर? नियमात तर स्पष्ट आहे की, चढावावर गाडी थांबवून, मागे न सरकता पुन्हा निघता आले पाहिजे.

विधानसभा निवडणुकीच्या कामाला कचेरीतून माझी नेमणूक झाली, त्यात नोव्हेंबर गेला. पहिली चाचणी २८ नोव्हेंबरला दिली. आठ बरोबर निघाला. चढावावर गाडी मागे आली. निरीक्षकांनी कागदावर रेघ मारली. संपले. नापास झाल्यावर सात दिवसांनी पुन्हा बसता येते. मधे सहा डिसेंबर आला. महापरिनिर्वाण दिनाला महिला मंडळाच्या भगिनींना घेऊन दादरला चैत्यभूमीवर जायचे होते. जाणे-येणे, रांग, दोन रात्री गाडीत बसून. ९ तारखेला सकाळी तशीच चाचणीला उभी राहिले. सराव नाही, झोप नाही. या वेळी चढावावर इंजिनच बंद पडले.

आता हिशेब पाहा. तीनदा नापास झाले की शेवटच्या चाचणीपासून साठ दिवस पुन्हा बसता येत नाही. तिसरी तारीख मला १७ डिसेंबर मिळाली. तेथून साठ दिवस म्हणजे १५ फेब्रुवारी. माझ्या शिकाऊ लायसन्सची मुदत ११ फेब्रुवारीला संपणार. म्हणजे तिसऱ्यांदा चुकले तर चार दिवसांच्या फरकाने सगळे पहिल्यापासून.

कचेरीच्या बाहेर चहाच्या टपरीशी मी उभी होते. एक पोरगा जवळ आला. पंचविशीचा असेल. माझ्या गळ्यातले बाबासाहेबांचे लॉकेट त्याने पाहिले आणि हात जोडून "जयभीम ताई" म्हणाला. मीही जयभीम घातला. मग हळूच म्हणाला, "दोनदा नापास झाल्या ना? कशाला त्रास घेता? साडेतीन हजार सगळ्यांना. तुम्ही आपल्या आहात, तीन हजार द्या. फक्त फोटोला या. गाडीत बसायची पण गरज नाही."

शासनाची फी काय आहे? शिकाऊ लायसन्सचे दीडशे, त्या परीक्षेचे पन्नास, पक्क्या लायसन्सचे दोनशे, चाचणीचे तीनशे आणि वर कार्डाचा वगैरे थोडा खर्च. पुन्हा चाचणी द्यायची तर पुन्हा तीनशे. म्हणजे तीनशेत होणाऱ्या कामाचे तीन हजार, आणि त्यातही जातभाई म्हणून पाचशेची सवलत! मला हसू आले आणि रडूही.

खोटे कशाला बोलू? मी पर्स उघडली होती. पगार झालेला होता, पैसे होते. आदल्या रात्री पतीही म्हणाले होते, "देऊन टाक अन् मोकळी हो. तुला चालवता तर येते." भ्रष्टाचाराविरुद्ध तहसीलवर मोर्चा नेलेल्या आमच्या एका कार्यकर्त्या भावानेही हाच सल्ला दिला होता. आणि खरेच, मला चालवता येत होते. फक्त चढावावर येत नव्हते. आमच्या वस्तीतून मोठ्या दवाखान्याला जायचे तर रेल्वेवरचा पूल चढावा लागतो. दुसरा रस्ता नाही. तीन हजारांचा कागद त्या पुलावर गाडी धरून ठेवणार होता का? मागच्या बाकावर सासूबाई असतील, एखाद्या घरची बाळंतीण असेल. १९२९ साली लगाम धरणाऱ्या माणसाला शिकायला वेळ मिळाला नाही, त्याच्यापुढे पाहुणा ताटकळत उभा होता. माझ्याकडे आठ दिवस होते. मी पर्स बंद केली आणि त्या पोराला चहा पाजला. तो बी.ए. झालेला निघाला. तीन वर्षे नोकरी नाही. त्याला तरी काय बोलणार?

संध्याकाळी काकांना सांगितले. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला ते टोपी घालून गाडीपाशी हजर. रेल्वेच्या पुलावर तेव्हा रहदारी नसते. चढाच्या मध्यावर गाडी थांबवायला लावली, खाली उतरले आणि आपला नोकरीतला जुना अॅल्युमिनियमचा जेवणाचा डबा मागच्या चाकाच्या मागे, चार बोटे सोडून ठेवला. "बत्तीस वर्ष या डब्यात जेवलो," म्हणाले, "मागे आलीस तर चेपंल."

पहिल्याच खेपेला चेपला! तो आवाज अजून कानात आहे. मी घाबरून उतरले. काकांनी डबा उचलला, पोचा आतून अंगठ्याने दाबला आणि पुन्हा तेथेच ठेवला. मग त्यांनी जे सांगितले ते येथे मुद्दाम लिहिते, कारण शिकणाऱ्या अनेकांचे येथेच अडते. चढावावर थांबलात की हँडब्रेक पूर्ण ओढा. मग पायाचा ब्रेक सोडला तरी गाडी जाणार नाही, घाई संपली. पहिला गियर टाका. किंचित अॅक्सिलरेटर द्या आणि क्लच अगदी सावकाश वर आणा. एका जागी इंजिनचा आवाज बदलतो, जड होतो आणि गाडीचे नाक थोडे वर उचलते. तेथे पाय थांबवा. हलवू नका. आता हँडब्रेक खाली सोडा. गाडी मागे येत नाही, पुढेच जाते. "काहून घाई करते? गाडी स्वतः सांगते मी तयार हाव म्हणून. ऐक ना तिचं," असे काका पुन्हा पुन्हा म्हणत. सहा पहाटा आम्ही तो पूल चढलो. सहाव्या दिवशी डबा जसाच्या तसा होता.

१७ डिसेंबरला मंगळवार होता. चढावर गाडी थांबवली, हँडब्रेक ओढला, पाय उचलत आणला आणि आवाजाची वाट पाहिली. मागे रांगेत कोणीतरी कुत्सितपणे हॉर्न वाजवला. आवाज बदलला. नाक उचलले. हँडब्रेक सोडला. निरीक्षक तेच होते. त्यांनी सही केली आणि विचारले, "आठ दिवसांत काय केलंत?" मी म्हटले, "डबा वाचवला." त्यांना काही कळले नाही.

तिशीनंतर पण पन्नाशीच्या आत लायसन्स काढले तर ते दहा वर्षे चालते. म्हणून ज्यांच्या मनात असेल त्यांनी आज-उद्या करू नये. आणखी दोन गोष्टी घरातल्या कमावत्या मुलांसाठी. पूर्वी व्यावसायिक वाहनाचे लायसन्स काढायला आठवी पासची अट होती. ती २०१९ मध्ये काढून टाकण्यात आली. शाळा सुटली म्हणून हमाली करणाऱ्या मुलाला आता हा रस्ता मोकळा आहे. तसेच नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने निकाल दिला की, हलक्या मोटारीचे लायसन्स असलेल्याला एकूण वजन ७,५०० किलोपर्यंतचे मालवाहू किंवा प्रवासी वाहनही चालवता येते. छोटा टेम्पो घेऊन भाजीची भाडी मारायची असतील तर हे माहीत असावे. अपघातानंतर विमा कंपनी याच मुद्द्यावर अडवायची.

आणि एक कटू गोष्ट. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत आपली चौदा-पंधरा वर्षांची मुले एका मोटारसायकलवर तिघे-तिघे बसून, निळा झेंडा घेऊन सुसाट जातात आणि आपण कौतुकाने पाहतो. विनालायसन्स गाडी चालवल्यास कायद्यात पाच हजार रुपये दंड आहे. मुलगा अठराच्या आतला असेल तर पालकाला किंवा मालकाला पंचवीस हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द होते. दंडाचे सोडा. त्या दिवशी, त्या झेंड्याखाली एखाद्या आईचे लेकरू रस्त्यावर पडले तर आपण बाबासाहेबांना कोणते तोंड दाखवणार? मी हे बैठकीत बोलले तेव्हा काही तरुण नाराज झाले. होऊ देत.

व्हॅनमध्ये आता मी एक वही ठेवली आहे. तारीख, वेळ, कोणाला कोठे नेले, किती किलोमीटर, डिझेल नव्हे पेट्रोल किती. पहिल्या सहा महिन्यांत रात्रीच्या अकरा खेपा झाल्या. त्यातल्या सात मी केल्या. एका खेपेला वाटेत पुलावर लांबलचक ट्रकची रांग लागली आणि मागे बाळंतीण कळा देत होती. गाडी चढावर पाच वेळा थांबवून पुन्हा काढावी लागली. तिला काही जाणवले नाही. तिच्या सासूने मला नंतर विचारले, "पूल कधी आला?"

सासूबाई आजारी नसताना पहिल्यांदा व्हॅनमध्ये बसल्या त्या २०२५ च्या अशोक विजयादशमीला, दीक्षाभूमीला जाताना. पुढच्या जागेवर, पांढरे लुगडे नेसून. नागपूरच्या बरेच अलीकडे गाड्या थांबवतात, तेथून पायी जावे लागते. उतरताना त्यांनी दाराला हात लावून पाहिले आणि म्हणाल्या, "मले वाटलं होतं तू हळू चालवशील. बरी चालवते."

मंडळातल्या दोन भगिनींनी आता शिकाऊ लायसन्स काढले आहे. एक धुणीभांडी करते, दुसरी अंगणवाडीत मदतनीस आहे. पहाटे पाचला त्या पुलावर येतात. काका टोपी घालून आधीच हजर असतात. डबा तोच आहे.